जगन्नाथ मास्तरची वही आणि माझ्या दोन नकला

जगन्नाथ मास्तरबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मला शिसारी येते. मास्तरची नव्हे, बोलणाऱ्याची. आता अठ्ठेचाळीस साल सरत आलंय, राज्य बदललंय, आणि जालन्याच्या मस्तगडातल्या दुकानांच्या फळ्यांवर बसून लोक सांगतात की मास्तर म्हणजे केवढा विद्वान, केवढा मोठ्या मनाचा. मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. जिवंत होता तेव्हा हीच तोंडं त्याला 'दोन्हीकडचा' म्हणायची आणि तो समोरून आला की पानाची पिचकारी टाकायची. मी ऐकतो आणि उठून जातो. त्यांना तोंडावर काही बोलायचा अधिकार मला नाही, कारण त्यांनी नुसती तोंडं वापरली. हात माझे होते.

मी गजानन. कचेरीत नक्कलनवीस होतो. मूळ कागदाची नक्कल करायची, मूळ मराठी असेल तर त्याचा उर्दूत तर्जुमा करायचा, आणि खाली 'असलच्या मुताबिक', म्हणजे मुळाबरहुकूम, असं लिहून सही ठोकायची, एवढंच माझं काम. अक्षर सुंदर होतं. साहेब लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो. सुंदर अक्षरात काय काय बसतं ते तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. कळत होतं.

जगन्नाथ आणि मी मस्तगडात दोन घरं सोडून वाढलो. शाळेत रोज एक धर्माचा तास असायचा. घंटा झाली की मुसलमान मुलं वर्गात बसायची, त्यांना मौलवीसाहेब दीनियात, म्हणजे त्यांचा धर्म, शिकवायचे. आम्ही बाकीचे उठून बाहेर ओसरीवर. आमच्या तासाचं नाव अखलाक, म्हणजे चांगली वागणूक. आमचे गुरुजी 'खोटं बोलू नये' एवढं पाटीवर लिहायला सांगत आणि खांबाला टेकून झोपत. जगन्नाथ खिडकीखालची जागा धरायचा आणि आतलं ऐकायचा. एकदा मौलवीसाहेबांनी पाहिलं आणि कान पिळला, की तुझं इथे काय काम. कान सोडवून घेतो न घेतो तोच आमचे गुरुजी जागे झाले आणि त्यांनी दुसरा पिळला, की तुझं तिथे काय काम. दोन्ही कान लाल करून तो घरी गेला आणि मला म्हणाला, "गजा, आतली गोष्ट लई चांगली चालू होती रे. मधीच तुटली."

असा तो होता. त्याला धर्म पाहिजे होता असं नाही. पूजा यथातथा, उपास बायकोच्या धाकाने. त्याला धर्म बघायचा होता, जसा एखादा माणूस नवं यंत्र दिसलं की वाकून वाकून बघतो.

पुढे तो शहरात विद्यापीठात शिकायला गेला. कुठल्या ते विचारू नका, नाव घेतलं की माझं तोंड कडू होतं. बी.ए. झाला आणि एम.ए.ला त्याने विषय मागितला : आपल्या मुलखातली माणसं देवाधर्माचं प्रत्यक्षात काय करतात. पुस्तकात काय लिहिलंय ते नव्हे, करतात काय. टेंभुर्णीच्या बाजूची चार गावं फिरून केलेलं टिपण त्याने सोबत नेलं होतं. दीनियातच्या मोठ्या आलिमांनी, म्हणजे तिथल्या धर्मपंडितांनी, पहिलं पान वाचलं आणि कागद परत सरकवला. "मियां, यहां दीन सिखाते हैं, लोगां की जहालत नहीं. और तुम तो हिंदू." मग तो संस्कृतच्या पंडितांकडे गेला. त्यांनीही पहिलं पान वाचलं. "हे धर्मशास्त्र नव्हे. बायाबापड्यांचं काहीतरी आहे. आणि यात पीर कसले आणता?" शेवटी इतिहासवाल्यांकडे. त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही. जे अजून चालू आहे ते इतिहासात बसत नाही म्हणाले.

सुट्टीत जालन्याला आला तेव्हा धुमसत होता. आम्ही स्टेशनावरून चालत येत होतो.

"धर्माला तिथं येवढी मोठी इमारत देलीय," तो म्हणाला. "पर आत शिरायच्या आधी दारातच इचारतेत, तू कोणाचा? उत्तर देलं की मंग शिकायला उरलं काय? गुरांच्या डाक्टराला शिंगं लागतेत का रे?"

मी हसलो. त्याला सांगितलं की जल्दी एखादा बरा विषय घे, पास हो, नोकरीला लाग. विद्यापीठात येवढे शहाणे बसलेत, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं का? तो म्हणाला, "त्यांना बराबर कळतंय. म्हणून तर दार लावून राह्यले."

एम.ए. झालाच नाही. परत आला, लग्न झालं, आणि टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर म्हणून लागला. तिथे अखलाकचा तास कोणाला नको होता, तो याच्या गळ्यात पडला. याने मात्र त्या तासाचं सोनं केलं. पोरांना विचारायचा, तुमच्या घरी आजारी माणसाला कुठे नेतात? नवस कोणाला बोलतात? नैवेद्य कोण नेतं आणि कोण खातं? पोरं सांगायची, रविवारी हा त्या त्या गावाला जाऊन स्वतः बघायचा, आणि वहीत लिहायचा. जाड कापडी बांधणीची वही होती ती. त्यातलं तीन हिस्से लिखाण एकाच जागेबद्दल होतं.

टेंभुर्णीपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. वाडीच्या वर माळावर एक चुन्याने रंगवलेली जागा, वर चार खांब आणि पत्रा. खाली कोण पुरलंय ते कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं बाबा म्हणायचे. दर्गा म्हणायचं तर म्हणा, समाधी म्हणायचं तर म्हणा, वाडीत दोन्ही शब्द वापरायचं काम पडत नसे. गुरुवारी दस्तगीर मुजावर दिवा लावायचा. अमावास्येला काकासाहेब पाटलाच्या घरची सून अबीर वाहायची. वर्षातून एकदा चुना द्यायचा तो चुना पाटलाच्या भट्टीचा आणि कुंचा मुजावराच्या हातात. मुजावराच्या घरी पोर झालं की पहिलं नारळ पाटलीणबाई फोडायची. मास्तरने वाडीतल्या म्हाताऱ्या साळूबाईला विचारलं होतं, बाबा कोणाचे? ती म्हणाली, "ज्याचं पोट दुखतंय त्याचे." हे वाक्य त्याने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मग अडतीस साल आलं आणि सगळ्या संस्थानात घाण पसरली. जालन्याकडून वाडीला माणसं जाऊ लागली. दाढीवाली गेली, त्यांनी दस्तगीरला सांगितलं की तुझ्या दर्ग्यावर काफर अबीर टाकतात आणि तुला लाज नाही. टोपीवाली गेली, त्यांनी काकासाहेबांना सांगितलं की तुमच्या नाथबाबाच्या समाधीवर तुरक दिवा लावतो आणि तुम्ही त्याला तेल पुरवता. दोघंही आधी हसले म्हणे. पण पुन्हा पुन्हा कोणी येऊन लाज काढली की माणूस कधीतरी लाजतोच. चुन्याच्या वेळी एकाने हिरवा झेंडा लावला, दुसऱ्याने भगवा. डोकी फुटली, दोघांनी एकमेकांवर दावे ठोकले, आणि प्रकरण कचेरीत आलं. जागा कोणाची?

इथे मास्तरने चूक केली. शिकलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. त्याला वाटलं, आपल्याजवळ उत्तर आहे. पंधरा वर्षांचं, तारीखवार, नावानिशी. वही साहेबांपुढे ठेवली आणि दोघांनी ऐकली की भांडणच मिटलं. रमाबाई, त्याची बायको, वही ज्वारीच्या कणगीवर कापडात बांधून ठेवायची. तिने माझ्यासमोर त्याला सांगितलं, "हे नेऊ नका. घरात हाय तवर आपलं हाय."

मास्तर माझ्याकडे वळला. "गजा, तू तर कचेरीतलाच. तू सांग."

"दाखल कर," मी म्हणालो. "कागद तोंडी साक्षीपेक्षा भारी असतो."

मीच म्हणालो. वर वही नीट सांभाळायचा शब्दही दिला. सांभाळलीसुद्धा. एक पान फाटू दिलं नाही.

वही मराठीत, कचेरीचं काम उर्दूत. म्हणजे तर्जुमा आलाच, आणि तर्जुमा म्हणजे मी. आमच्याकडची रीत अशी, की अर्जदार जेवढा मजकूर मागेल तेवढ्याचीच नक्कल द्यायची. आधी मुजावराच्या बाजूचे वकील आले. समोर बसून त्यांनी वहीत तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. इथून इथवर, मग मधलं सोडून, पुन्हा इथून इथवर. दोन दिवसांनी पाटलाच्या बाजूचे वकील आले. त्यांच्या हातात निळी पेन्सिल. त्यांनी नेमकं तांबड्याने सोडलेलं धरलं आणि तांबड्याने धरलेलं सोडलं. दोघंही मोठे सभ्य. दोघांनीही मला चहा पाजला.

एका नोंदीचं सांगतो. मास्तरने लिहिलं होतं : 'गुरुवारी दिवा मुजावर लावतो. तेल पाटलाच्या घरून येतं. हे कधीपासून, ते दोघांनाही आठवत नाही.' तांबड्या नकलेत मी लिहिलं, दिवा मुजावर लावतो. पूर्णविराम. निळ्या नकलेत लिहिलं, तेल पाटलाच्या घरून येतं. पूर्णविराम. तिसरं वाक्य कोणीच मागितलं नव्हतं. साळूबाईचं वाक्यही कोणी मागितलं नाही. एक अक्षर मी बदललं नाही. एक शब्द पदरचा घातला नाही. दोन्ही नकलांखाली 'असलच्या मुताबिक' लिहिलं आणि माझी वळणदार सही केली. मग वाळू टाकून शाई वाळवली आणि घरी जाऊन जेवलो. मास्तरला सांगायला टेंभुर्णीला जाता आलं असतं. बैलगाडी रोज जायची.

सुनावणीच्या दिवशी मास्तर शाळेची शेरवानी घालून आला. खुशीत होता. मला म्हणाला, "आज ऐकतील बघ दोघंबी." बाहेर पिंपळाखाली दस्तगीर आणि काकासाहेब एकमेकांकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या भोवती जालन्याहून आलेली माणसं, तीच, लाज काढणारी.

साहेबांपुढे पहिल्यांदा मुजावराच्या वकिलांनी नक्कल वाचली. दिवा, फातेहा, संदल, गलेफ. वाचून संपल्यावर जागा ऐन दर्गा वाटली. मग पाटलाच्या वकिलांनी वाचली. अबीर, नारळ, अमावास्या, भंडारा. जागा ऐन समाधी वाटली. साहेबांनी दोन्ही कागद हातात धरले आणि मास्तरकडे पाहिलं.

"ये तुम्हारा लिखा हुआ है?"

"जी."

"और ये भी?"

"जी साहेब. दोनों मेरा."

"फिर इन में झूठ कौन सा है?"

"दोन्ही खरं हाय," मास्तर मराठीतच बोलून गेला, मग सावरला. "दोनों सच है साहेब. एक ही चीज है. पूरी वही पढ़िए."

पाटलाचे वकील हसले. मुजावराचे वकील त्यांच्याकडे बघून हसले. दोन पक्षांचं पहिल्यांदा काहीतरी जमलं. पाटलाच्या वकिलांनी विचारलं, साक्षीदाराचा स्वतःचा धर्म कोणता? मास्तरने सांगितलं. मुजावराच्या वकिलांनी विचारलं, मग तो लहानपणी दीनियात का ऐकायचा? ही गोष्ट त्यांना कोणी पुरवली असेल ते तुम्हाला कळलंच असेल. चहा पिता पिता मी ती गंमत म्हणून सांगितली होती.

साहेबांनी वही मागवली, उघडली, मराठी बघून मिटली. "पूरा तर्जुमा कहां है?"

सगळे माझ्याकडे वळले. मास्तरही वळला. त्याच्या तोंडावर अजून आशा होती, की हा आपला आहे, हा सांगेल. मी उभा राहिलो.

"किसी ने मांगा नहीं, हुजूर," मी म्हणालो.

खरं बोललो. शपथेवर विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. त्या दिवशी कचेरीत कोणी खोटं बोललंच नाही. त्याचीच मला सर्वांत जास्त किळस येते. खोटं बोलणारा निदान आपण खोटं बोलतोय हे जाणतो, तोंड लपवतो. आम्ही सगळे ताठ मानेने उभे होतो.

साहेबांनी लिहिलं की साक्षीदार एकाच जागेबद्दल दोन उलट गोष्टी सांगतो, सबब भरवशाचा नाही. वही पुराव्यातून बाद. जागेचा निकाल लागेपर्यंत तिला कुलूप. तो निकाल आजतागायत लागलेला नाही. माळावर चार खांबांना तारेचं कुंपण घातलं, फाटकाला सरकारी कुलूप ठोकलं. गुरुवार गेला आणि अमावास्याही गेली. साळूबाई कुंपणाबाहेर बसून पोट धरून रडायची म्हणतात, ती पुढच्याच उन्हाळ्यात वारली. मास्तरकडून अखलाकचा तास काढून घेतला. वर शेरा आला की धार्मिक बाबतीत त्याची वागणूक संशयास्पद आहे. टेंभुर्णीत त्याला मुसलमान आपल्यातला म्हणेनात आणि हिंदू घरी बोलवेनात. रमाबाईला विहिरीवर बाया जागा देईनात. त्या शेऱ्याची नक्कलही मीच केली.

सुनावणीनंतर चार महिन्यांनी तो वही परत न्यायला कचेरीत आला. मी त्याला टाळत होतो, पण त्या दिवशी दाराशीच गाठ पडली. वाळला होता. मी कपाट उघडून वही काढली, धूळ झटकली, आणि त्याच्या हातात दिली. तो तिथेच बाकावर बसला आणि एक एक पान उलटायला लागला. तांबड्या खुणा, निळ्या खुणा. मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या मला चालल्या असत्या. चपलेने मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

"ह्या खुणा बघून तूच लिवलंस ना दोन्ही?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हंजे सोडायचं काय, धरायचं काय, ते बघाया तुला सगळी वाचाया लागली असंल."

"हो," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा."

त्याने शेवटचं पान उलटून वही मिटली. बाहेर शिपाई कोणाला तरी ओरडत होता.

"इद्यापीठात कोणी दुसऱ्या पानावर गेलं न्हाई," तो हळूच म्हणाला. "पाटलाला सवड न्हाई, मुजावराला वाचता येत न्हाई. साहेबानं बघितलीस ना कशी मिटली ती. रमाला म्या वाचून दावीन दावीन म्हणत राह्यलो. पंधरा वर्षं लिवली मी, गजा. पुरी वाचलेला माणूस तू एकलाच."

त्याने वही कापडात बांधली, गाठ मारली, आणि मग वर बघून, अगदी पास-नापास विचारणाऱ्या पोरासारखं, विचारलं :

"चांगली हाय का रे?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "लई चांगली आहे."

आणि देवाशपथ सांगतो, तो खूश झाला.